रांजणाची ओल

परसातल्या बाभळीखाली चनू उकिडवा बसला होता, तो कधीचाच बसला होता. दोन्ही मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद, कपाळावरची शीर टरारलेली. भागम्मा राखेची पाटी हातात घेऊन त्याच्याकडं बघत उभी होती.

"झालं का रं?"

"न्हाई, अव्वा. टोचायलंय."

"जोर कर की जरा."

लेकरानं जोर केला, कण्हलं. शेवटी शेळीच्या लेंड्यांसारखे काळे, वाळके खडे पडले. एकाला रक्त लागलं होतं. ते बघून चनू रडायलाच लागला. भागम्मानं वरून राख टाकली. आता हे ऐकून तिला कुणी कैदाशीण म्हणेल, म्हणो बापडं, पण ते खडे बघून तिच्या जिवाला थंड वाटलं. घट्ट आहे, पातळ नाही. म्हणजे आजचा दिवस तरी लेकरू आपलं आहे.

"अव्वा, नीर."

घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजायच्या. आईला पोरं अव्वा आणि पाण्याला नीरच म्हणायची. अक्कूही नीरच म्हणायची.

भागम्मानं वाटीच्या तळाला ओल येईल एवढं पाणी दिलं. चनूनं ते एका घोटात संपवलं आणि वाटी पुन्हा पुढं केली.

"बास. लई पेऊ नये. पोट बिघडतंय."

"थोडं."

"बास म्हनलं ना!"

ती ओरडली, आणि ओरडल्यावर रांजणाकडं बघायचं नाही असं ठरवूनही तिनं बघितलं. रांजणाच्या पोटाला, खाली, गुडघ्याच्या उंचीवर एक काळपट ओला डाग होता. उन्हाळ्यात रांजण पाझरतोच. हे भागम्माला काय कुणी सांगायला हवं? पण सगळा रांजण दुपारी वाळला तरी तेवढीच जागा ओली राहायची. तिनं तिथं शाडू लिंपून बघितला होता. दोन दिवसांत शाडू गळून पडला आणि ओल परत वर आली.

अक्कू म्हणजे भागम्माची थोरली. चनूपेक्षा दोन वर्षांनी मोठी. असती तर.

खटकचिंचोळीपासून कोसभरावर हे गाव. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला आणि बायका नाल्याच्या वाळूत झरे उकरून पाणी आणायला लागल्या. करवंटीनं भरायचं, घागर भरेस्तोवर पाठीचा काटा मोडायचा. त्याच दिवसांत अक्कूला हगवण लागली. भागम्माच्या सासूनं, शिवम्मानं, पोरीच्या कपाळाला विभूती लावली आणि घरात सगळ्यांना बजावलं, "हिचं पानी तोडा. वरून वतलं की खालून जायलंय. वरचं बंद केलं की खालचं आपोआप थांबतंय." गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

शिवम्मा वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तिनं पोरीचं पाणी तोडलं आणि स्वतःही दिवसभर घोट घेतला नाही. लेकरासमोर आपण कसं प्यायचं, म्हणाली. रांजणाला पाठ लावून बसली आणि ओठावरून जीभ फिरवत राहिली. गळून गेलेली पोरगी रांगत आली, शिवम्माच्या बगलेखालून डोकं घालून रांजणाच्या ओल्या पोटाला जीभ लावायला लागली. शिवम्मानं तिला उचलून बाजूला ठेवलं. ती परत आली. शेवटी शिवम्मानं रांजणाला गोणपाट गुंडाळलं.

संध्याकाळी सासू मठातून विभूती आणायला गेली. भागम्मानं रांजणात दोन्ही हात बुडवले आणि पोरीच्या तोंडाला ओंजळ लावली. अक्कू प्यायली. मग तळवे चाटले, बोटांच्या बेचक्यांतून चाटलं.

"आनिक, अव्वा."

तेवढ्यात अंगणात वहाणा वाजल्या आणि भागम्मानं हात लुगड्याला पुसले. "न्हाई आता," म्हणाली. पहाटेच्या आत पोरगी गेली.

शिवम्मानं ऊर बडवून घेतला. "कुणीतरी पानी पाजलंय हिला! थांबत आलतं की गे सगळं! कुणी पाजलं?"

भागम्मा गप्प राहिली. ती आजतागायत गप्प होती. लेकीला आपण मारलं, आपल्या ह्या दोन हातांनी मारलं, हे तिच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की भाकरी थापताना तळव्यांकडं बघायला तिला भ्या वाटायचं.

लिंगायतांत माती देतात. अक्कूला शेताच्या बांधाला पुरलं, वर एक दगड ठेवला. झऱ्याला जायची वाट त्याच बांधावरून. डोक्यावर भरली घागर घेऊन भागम्मा तिथून यायची आणि रोज, अगदी रोज, दगडाजवळ आलं की तिला मागून ऐकू यायचं, "आनिक, अव्वा." ती मागं बघायची नाही. पाय उचलून चालायची, घागर हिंदकळायची, पाणी मानेवरून पाठीत उतरायचं.

म्हणून चनूचं पाणी तिनं आवरून धरलं होतं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, सासूलाही नव्हतं. सकाळी थोडं, भाकरीबरोबर थोडं. लेकरू मागायचं, ती वाटी उचलून फडताळात वर ठेवायची. चनूची लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. तिला वाटायचं, उन्हाळा आहे, व्हायचंच.

चनूचे खडे पडले त्याच आठवड्यात गोठ्यातलं वासरू ढाळायला लागलं. तांबड्या गाईचं खोंड, अजून दात नीट आले नव्हते. शेपटी घाणीनं भरलेली, कान लोंबलेले. भागम्माचा नवरा अमृतप्पा धसकटं वेचायचं काम टाकून घरी आला. जोंधळ्याची आंबील पातळ केली, तीत चांगलं मीठ कालवलं, आणि बांबूचं नळकांडं वासराच्या गालात घालून पाजायला बसला.

"धर गं त्याचं डोस्कं. वर कर. तसं."

भागम्मानं डोकं धरलं. वासरू गटागटा गिळत होतं. निम्मं छातीवर सांडत होतं.

"अवो, एवढं पातळ पाजायलाव? आनिक ढाळंल की."

"ढाळूं दे. जेवढं गेलं तेवढं भरायला नगो? न्हाई तर वाळून मरंल बिचारं."

भागम्माचे हात थांबले. "आन् लेकराला कामून तोडत्यात मग?"

अमृतप्पानं तिच्याकडं बघितलं आणि हसला. "येडी हायस का? जनावराचं येगळं, मान्साचं येगळं. माजा बा आसंच पाजायचा, मी पाजायलोय. धर नीट, सांडायलंय."

चौथ्या-पाचव्या दिवशी वासरू शेपटी वर करून अंगणात धावलं. चनू टाळ्या पिटत त्याच्यामागं गेला आणि मध्येच पोट धरून खाली बसला. भागम्मा दारात उभी राहून वासराकडं बघत राहिली. तिच्या मनात काहीतरी येऊ बघत होतं आणि ती त्याला आत येऊ देत नव्हती. ते आत आलं असतं तर ती उभी राहू शकली नसती.

त्याच दिवशी अमृतप्पा भालकीच्या बाजाराला निघाला. गावातल्या दोघा-तिघांच्या गाड्या तुरी घेऊन चालल्या होत्या, त्यांच्यासोबत त्याचीही गाडी. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी शिवम्मानं चनूला न्हाऊ घालताना त्याच्या पोटाला हात लावला.

"भागी! ह्याचं पोट दगड झालंय की गे! कधी बसला हुता हा?"

भागम्माला आठवेना. खडे पडलेले ते कधीचं? चनू बाभळीखाली जायलाच भ्यायला लागला होता. टोचतं म्हणून दाबून धरायचा, पाय एकमेकांवर आवळून भिंतीला चिकटून उभा राहायचा. तिनं मुद्दाम विचारलंच नव्हतं.

"आई हायस का कोन हायस? लेकरू हगलं का न्हाई ते ठाव न्हाई तुला?" शिवम्मानं एरंडेलाचं मडकं खाली उतरवलं.

एरंड्या भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल शिवम्मा स्वतः काढायची आणि ते गावभर जायचं. तिनं गुळाच्या खड्याबरोबर चनूला ते पाजलं. दुपार झाली तरी काही झालं नाही. लेकरू नुसतं कळांनी वळवळलं. होणार कसं? आत ओलच नव्हती. मग तिनं आणखी पाजलं, पहिल्यापेक्षा जास्त. सांज व्हायच्या आत जे अडलं होतं ते रक्तासकट बाहेर पडलं, चनू गुरासारखा हंबरला, आणि त्याच्यामागून पाणी सुरू झालं ते थांबेचना.

सकाळ उजाडेपर्यंत घरातली पुसायची सगळी धडपी संपली होती. चनू खाटेखाली घोंगड्यावर पडला होता. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रे. तो रडत होता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. भागम्मानं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अक्कूचीही राहिली होती.

शिवम्मानं रांजणाला गोणपाट गुंडाळलं. पाठ लावून बसली. विभूतीचं बोट चनूच्या कपाळाला ओढलं. "पानी तोडलंय. थेंब द्यायचा न्हाई. आयकलंस का भागी? ह्या बारीला कुणी चोरून पाजलं तर बगा."

भागम्मानं घागर उचलली. ती झऱ्याला गेली, पाणी भरलं, आली. दगडापाशी आज काहीच ऐकू आलं नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली. ती आपण होऊन थांबली, वाट बघितली. काही नाही. पोरगी इथं नाही, मग कुठं गेली?

घरात आली तर चनू रांगत रांजणापाशी गेला होता. त्याला रांगायची गरज नव्हती, चालता येत होतं त्याला, पण पायांत जीव राहिला नव्हता. शिवम्माच्या बगलेखालून त्यानं डोकं घातलं, गोणपाट बाजूला सारलं, आणि त्या डागावर, नेमकं त्याच डागावर, जीभ लावली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो तेव्हा पाळण्यात होता.

भागम्माच्या डोक्यावरची घागर सुटली. उंबऱ्यावर फुटली, सगळीकडं पाणी झालं.

"मीच पाजलं हुतं!"

शिवम्मानं मान वर केली. "काय?"

"अक्कूला. तुमी मठात गेल्ताव तवा. ओंजळभर. मीच पाजलं, आत्याबाई."

सासूचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि हळूहळू उठली. "तू? आई असून? मारलीस की गे तू माज्या नातीला!"

"मारली आसंल. मारली आसंल तर आसंल." भागम्मा गोठ्यात गेली. बांबूचं नळकांडं कुडाला खोचलेलं होतं ते घेऊन आली, आंबिलीच्या मडक्यात पाणी ओतलं, मीठ घातलं, हातानं ढवळलं. "ह्योबी माज्याच हातानं जाऊं दे. पन तहानलेला न्हाई जायचा. वासराला चालतंय, तर ह्याला कामून न्हाई? सांगा की! काय येगळं हाय? त्याला शेपटी हाय, एवढंच ना?"

"सोड ते! भागी, पाया पडते तुज्या, सोड!" शिवम्मानं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात भलताच जोर होता. पण भागम्मानं तिला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा सासूला हात लावला तो असा. शिवम्मा रांजणाला धडकली आणि तिथंच खाली बसली, पदर तोंडात कोंबून.

नळकांडं मोठं होतं, चनूच्या तोंडात मावेना. भागम्मानं ते फेकलं आणि बोटं बुडवून बोटांनी पाजलं. पहिले घोट त्यानं ओकून टाकले. शिवम्मा कण्हली. भागम्मा थांबली, श्वास घेतला, आणि पुन्हा बोट बुडवलं. थेंब. मग थेंब. मग पळीनं. तो हगला, तिनं पुसलं आणि पुन्हा पळी भरली. जेवढं गेलं तेवढं भरायला नगो? नवऱ्याचे शब्द ती स्वतःशीच म्हणत होती, मंत्र म्हणावा तशी. दुपार गेली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. ती उठली नाही. मांडी बधिर झाली. चनूनं एकदा डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाला, "आनिक, अव्वा."

आवाज चनूचा होता की कुणाचा, भागम्माला सांगता आलं नसतं.

"व्हय रं सोन्या. आनिक. पाहिजे तेवढं."

दिवस बुडाला, पुन्हा उजाडला. कावळे ओरडायला लागले तेव्हा तिच्या मांडीवर उबदार ओल पसरली. तिला वाटलं, परत तेच. घाबरून तिनं धडपं उचललं. ते तसलं नव्हतं. लेकरू मुतलं होतं. पिवळं, भरपूर, चांगलं मुतलं होतं, आणि झोपेत ओठ चाटत होतं. भागम्मानं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी जागेवर बसली. ती हसली, आणि हसता हसताच वासरू धावलं त्या दिवसापासून जे दाराबाहेर उभं होतं ते आत आलं.

ओंजळीनं पोरगी मेली नव्हती. ओंजळ एकच होती, म्हणून मेली होती. ती आणिक मागत होती आणि आपण हात लुगड्याला पुसले.

शिवम्मा रात्रभर रांजणापाशीच होती. ती सरकत सरकत आली. भागम्माच्या ओल्या लुगड्याला तिनं बोट लावलं, नाकाशी नेलं.

"मुतला?"

"व्हय."

"वाचला म्हन की मग." म्हातारीनं नातवाच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. ती बराच वेळ तो पाय धरून बसली. मग म्हणाली, "भागी."

"काय, आत्याबाई?"

"मग माजी?"

भागम्माला आधी कळलंच नाही. मग कळलं. घरात कुणी त्यांची नावं घेत नसे, पण चनूचं नाव ज्याच्यावरून ठेवलं तो शिवम्माचा पहिला मुलगा होता. त्याच्यामागची गुरी. त्याच्यामागचं एक, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं. सगळ्यांत शेवटचा अमृतप्पा, तेवढा राहिला; आधीची तिघंही हगवणीनंच गेली होती.

"गुरीनं माजा अंगठा चोखला हुता," शिवम्मा म्हणाली. "घामाचा. ओला हुता म्हनून. मी काढून घेतला. माजी सासू म्हनली, काढ, म्हनून काढून घेतला गे."

वासरू तेव्हाही गोठ्यात असेल, आणि सासऱ्यानं त्याला आंबील पाजलीच असेल, हे दोघींच्याही मनात आलं असावं.

शिवम्मा उठली. गुडघ्यांमुळं तिनं कित्येक वर्षांत घागर उचलली नव्हती. तिनं कोपऱ्यातली दुसरी घागर घेतली, रांजणातलं उरलंसुरलं सगळं पाणी तिच्यात ओतलं, कमरेवर घेतली आणि चालायला लागली. भागम्मानं चनूला कडेवर घेतलं, त्याच्यासाठी भरून ठेवलेला तांब्या घेतला, आणि मागं निघाली.

बांधावर अक्कूच्या दगडापाशी शिवम्मा थांबली. घागर तिरपी केली. वैशाखाच्या मातीनं पाणी असं प्यायलं, की आवाज झाला. मग ती पुढं गेली, थांबली, मागं आली, इकडं-तिकडं बघायला लागली.

"गुरीला कुठं पुरलंय, आत्याबाई?"

"हितंच. बोरीपशी." तिनं बघितलं. "बोर कुठं हाय? हितं बोर हुती की."

बोरीचं झाड कधीच तोडलं होतं. नांगरटीत बांध इकडचा तिकडं सरकला होता. म्हातारी घागर घेऊन नुसतीच फिरत राहिली, चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, आणि थोडं थोडं पाणी ओतत राहिली, चुकून जागा सुटायला नको म्हणून. घागर रिकामी झाली तसं तिनं भागम्माकडं लहान पोरीसारखं बघितलं.

"कुठवर वतू गे?"

"सगळाच बांध भिजवू," भागम्मा म्हणाली. तिनं चनूला करंजाच्या सावलीला बसवलं, भरला तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला, सासूच्या हातातून घागर घेतली आणि झऱ्याकडं उतरली.

चनूनं तांब्या दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून सांडत होतं. शिवम्मा ओल्या मातीत बसून त्याच्याकडं बघत होती. तिनं त्याला थांबवलं नाही.